मिस्त्रीच्या घरातली शांतता

आमच्या तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक माझं, दुसरं मिस्त्रीचं. मिस्त्री हे त्याचं नाव नव्हे. चौदा वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. आणि आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. तो गुडघा दाबत एकेक पायरी चढायचा आणि वर आला की म्हणायचा, "मावशी, या इमारतीनं माझ्यावर सूड उगवलाय."

गुडघा कामावरच गेला. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, तिच्या तळाशी उतरताना शिडीवरून पाय निसटला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं, शिडी आता कायमची बंद. कंपनीनं त्याला घरबसल्या करायचं काम दिलं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस घाबरून लाल बटण दाबतो ना, ती घंटा आता मिस्त्रीच्या घरात वाजू लागली. त्यानं लगेच बोलायचं, जवळचा मेकॅनिक पाठवायचा, आणि दार उघडेपर्यंत त्या माणसाला धीर देत राहायचं.

या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा मी तिथंच बसले होते. पलीकडून कुणी बाई रडकुंडीला येऊन विचारत होत्या, "दोर तुटणार नाही ना?" हा शांतपणे म्हणाला, "काकू, त्या दोरांना मी चौदा वर्षं लटकलोय. माझी ढेरी बघितली असतीत तर तुम्हाला ही शंकाच आली नसती." पलीकडे हसू फुटलेलं मला इथं ऐकू आलं.

बायको हॉस्पिटलात नर्स. सकाळी साडेसहाला जायची ती चार वाजून गेल्यावर यायची. मुलं दोन. थोरली ठमी चार वर्षांची, धाकटा ढब्बू सव्वा वर्षाचा, नुकता पावलं टाकायला लागलेला. आधी मुलांना सांभाळायला एक बाई यायच्या. त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि परत आल्या नाहीत. मग मिस्त्रीच्या एका कानात लिफ्ट आणि दुसऱ्या कानात ढब्बू, असं सुरू झालं. शेजारच्या इमारतीतल्या बालवाडीत ठमीला नऊला सोडायचं आणि अकराला आणायचं, एवढं काम मी अंगावर घेतलं होतं. मुलं माझ्याकडेच ठेव, असं खरं तर मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मी नुकतीच निवृत्त झाले होते, आणि जन्मात पहिल्यांदा मिळालेली दुपारची झोप मला सोडवत नव्हती.

महिनाभर बरं चाललं. मग एका गृहस्थांनी तक्रार केली. ते अडकलेले असताना मागे ढब्बू ठणाणा करत होता. त्यांनी लिहिलं, "मी जीव मुठीत धरून उभा, आणि तुमच्या ऑफिसात पाळणाघर?" सुपरवायझर मॅडमचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, पण नियम नियम होता. "सगळे कॉल रेकॉर्ड होतात हो. पुन्हा मूल ऐकू आलं, तर मला काही करता येणार नाही."

त्या दिवसापासून मिस्त्रीनं घर गप्प करायला घेतलं. भांडी वरच्या फळीवर गेली. ढब्बूची वाटी आणि चमचा जाऊन कापडी ससा आला. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे बसले. आणि ठमीसाठी त्यानं एक खेळ काढला, उंदीर-उंदीर. घंटा वाजली की आपण उंदीर. उंदीर कसे बोलतात? अगदी बारीक. बाबानं हाताचा पंजा दाखवला की तेही बंद. जो सगळ्यात बारीक बोलेल तो जिंकला.

ठमी रोज जिंकायची. पुढं पुढं तर घंटा वाजली की ही एवढीशी पोर आधी ढब्बूकडे धावायची, त्याच्या तोंडात बिस्किट कोंबायची आणि मग बाबाकडे बघायची. मी तोंड भरून कौतुक करायचे. "किती गुणी मुलं! घरात आहेत की नाहीत कळत नाही." मिस्त्रीही खूश व्हायचा. आम्हा दोघांनाही आपण काय बोलतोय ते कळत नव्हतं.

बालवाडीच्या बाईंनी एकदा मला फाटकाशी थांबवलं. "तुमची नात घरी बोलते का हो?"

"नात नाही, शेजारची आहे. बोलते की!"

"इथं तीन महिन्यांत एक शब्द नाही. पाणी हवं असलं तरी माझा पदर ओढते."

ठमीचं बोट धरून घरी येताना मी आठवू लागले, हिचा आवाज आपण शेवटचा कधी ऐकला? कुजबुज आठवत होती. आवाज आठवेना.

संध्याकाळी मी तिच्या आईला सांगितलं. आईनं हातातलं काम टाकून ठमीला ओट्यावर बसवलं. "शाळेत का बोलत नाहीस गं?" ठमीनं आधी बाबाकडे पाहिलं, मग आईच्या कानाला तोंड लावलं. "बाबांचा फोन लागलेला असला तर?"

त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढले. दारं बंद होती, पण आमच्या भिंती नावाच्याच.

"मिस्त्री, पोरगी मुकी होईल आपली."

"कान तपासून घेऊ या का?"

"कानांना काही झालेलं नाही. तोंड मिटवलंय आपण तिचं."

"मग मी काय करू, सांग ना! परत शिडीवर चढू?"

दोघांपैकी कुणाचीच नोकरी सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायको आल्याबरोबर मिस्त्री मुलांना घेऊन मैदानावर गेला. मधोमध उभा राहून ठमीला म्हणाला, "ओरड! पाहिजे तेवढं ओरड." ठमीनं त्याचा हात ओढून त्याला खाली वाकवलं आणि कानात विचारलं, "किती मोठ्यानं?" हे त्यानं मला नंतर सांगितलं, तेव्हा तो जिन्यातल्या खिडकीकडे तोंड करून उभा होता.

पंधरा-वीस दिवस असेच मैदानावर गेले. काही फरक पडला नाही.

मग तो दिवस उजाडला. ठमीला मी अकराला आणून सोडलं आणि घरी येऊन आडवी झाले. बाराच्या सुमाराला मिस्त्रीकडे घंटा वाजली. एक शिवणकाम करणारी बाई, शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन कुणाकडे तरी निघालेली, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आतला दिवाही गेला होता. तिला श्वास पुरेना. मिस्त्रीनं मेकॅनिकला पाठवलं आणि तिच्याबरोबर श्वास मोजायला लागला. "ताई, माझ्याबरोबर. घ्या... सोडा. घ्या... सोडा."

तेवढ्यात ठमी दारात आली. "बाबा." त्यानं पंजा दाखवला. ती गेली, परत आली. "बाबा, ढब्बू..." पुन्हा पंजा. तिचे ओठ हलताना त्याला दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. पहिल्यांदा ती सांगत होती की ढब्बू बाथरूममध्ये गेलाय. दुसऱ्यांदा सांगत होती की तो बादलीवर वाकलाय.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिच्या फ्रॉकच्या दोन्ही बाह्या ओल्या होत्या. तिनं पंज्याकडे पाहिलं, आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाबा! ढब्बू बादलीत पडला!"

ती आरोळी दोन दारं ओलांडून माझ्या अंथरुणापर्यंत आली. मी उठले कशी, पोचले कशी, काही आठवत नाही. मी पोचले तेव्हा मिस्त्री बाथरूमच्या फरशीवर बसला होता, दुखरा गुडघा वेडावाकडा दुमडून, आणि ढब्बू त्याच्या हातावर पालथा होता. ढब्बू खोकला. पाणी ओकला. आणि मग त्यानं असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली.

मिस्त्री नुसता ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवत होता. तेवढ्यात त्याच्या गळ्यात लोंबणाऱ्या हेडसेटमधून एक बारीकसा आवाज येतोय, हे माझ्या लक्षात आलं. मी तो त्याच्या कानाला लावला आणि स्वतःही कान देऊन ऐकू लागले.

"अहो दादा! लेकरू रडलं ना? ऐकलं मी, रडलं. आता ओले कपडे काढा त्याचे. कोरड्यात गुंडाळा, छातीशी धरा. आणि उठा, आधी डॉक्टरकडे न्या."

"ताई... तुमचा मेकॅनिक निघालाय... दहा मिनिटं..."

"येईल की तो! माझं काय घेऊन बसलात? लिफ्ट कुठं पळून जातेय? मी गाठोड्यावर बसलेय चांगली. चार वाढवलीत मी."

आता या बाईचा श्वास अगदी ठीक चालला होता.

मिस्त्रीनं मेकॅनिकला फोन करून "बाईंना एकटं सोडू नकोस, वाटेतून बोलत राहा" एवढं सांगितलं आणि आम्ही निघालो. मी ढब्बूला उचललं, त्यानं ठमीला. जिना उतरताना ठमी हुंदके देऊन रडत होती, मोठ्यानं, आणि तिला कुणीही गप्प केलं नाही.

हॉस्पिटलात ढब्बूला एक दिवस ठेवून घेतलं. छाती साफ होती. त्याची आई आपल्याच वॉर्डात, कामाच्या कपड्यांत, पेशंटचे नातेवाईक बसतात त्या बाकावर रात्रभर बसली. नवऱ्याला ती एक शब्दही टाकून बोलली नाही. ते त्याला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मिस्त्रीनं आपणहून मॅडमना फोन केला. "आजचा बाराचा कॉल ऐका, आणि मग काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुम्ही लाइन सोडून गेलात."

"गेलो."

"या कामावर मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

"मलाही आता राहता येणार नाही, मॅडम."

मग मॅडम म्हणाल्या, "त्या बाईंचा फोन आला होता. मला वाटलं तक्रार असेल. मूल कसं आहे, विचारत होत्या."

मिस्त्रीला तेव्हा जे सुचलं, ते आधी का सुचलं नाही, याचं त्याला आजही नवल वाटतं. "मॅडम, दुरुस्तीला गेलेली मेकॅनिक पोरं अडली की अजूनही मलाच फोन करतात. कुठली वायर, कुठला ब्रेक. ती पोरं यंत्राच्या खडखडाटात उभी असतात. माझ्या घरात मूल रडलं काय आणि बँड वाजला काय, त्यांना काय कळणार? ते काम असेल तर द्या."

"असं कामच नाही आपल्याकडे."

"आहे. फक्त फुकट चाललंय."

मॅडमनी वरच्या साहेबांना विचारून उत्तर द्यायला अकरा दिवस घेतले. त्या दिवसांत मिस्त्रीला घास गोड लागत नव्हता. शेवटी काम मिळालं. तास निम्मेच, त्यामुळे घरात ओढाताण झाली आणि बायकोनं काही सुट्ट्यांवर पाणी सोडलं. मीही माझ्या दुपारच्या झोपेवर पाणी सोडलं. मिस्त्री कामावर बसला की ढब्बू माझ्याकडे. आजवर त्यानं माझे दोन चष्मे मोडलेत.

ठमी त्या आरोळीनंतर घडाघडा बोलू लागली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. उलट आठवडाभर तिनं कुजबुजणंही बंद केलं. आपण ओरडलो म्हणून बाबांचं काम गेलं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघ्यामुळे त्याला नीट बसता येत नाही, तरी बसला.

"ठमे, तू ओरडलीस म्हणून आपला ढब्बू आहे. उंदराचा खेळ बाबानं काढला होता ना, तो वाईट खेळ होता. बाबा चुकला."

ठमीनं बराच विचार केला. "मॅडम रागावल्या?"

"रागावू देत."

"तुला भीती वाटली?"

"खूप."

"मला पण," ठमी म्हणाली. कुजबुजतच, पण म्हणाली.

पुढं दिवसाला एक शब्द, कधी दोन, असं करत करत पोर उघडली. आधी आईशी, मग ढब्बूवर खेकसताना, मग माझ्याकडे. बालवाडीत मात्र तोंडाला कुलूप ते कुलूपच. बाईही शहाण्या, त्यांनी कधी जोर केला नाही.

चारेक महिन्यांनी मी तिला आणायला गेले, तर बाई फाटकापर्यंत चालत आल्या. त्या दिवशी वर्गात एक नवा मुलगा आला होता. आई त्याला पोचवून गेल्यापासून तो कोपऱ्यात उभा राहून, ओठ दाबून, आवाज न करता रडत होता. ठमी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मोठ्यानं रड. इथं कुणाचा फोन चालू नाहीये."

घरी आल्यावर मी हे मिस्त्रीला दारातच सांगितलं. तो आधी हसला. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि कितीतरी वेळ बसून राहिला. आत त्याचा फोन वाजत होता, कुणीतरी मेकॅनिक अडला असणार. मी म्हटलं, "अरे, फोन!" तो म्हणाला, "वाजू दे, मावशी. पुन्हा करेल."