तेलाच्या वाटेतला बोळा

ट्रक दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'पुन्हामिस्त्री' म्हणायचे. खरं नाव बहुधा एकट्या बायकोला ठाऊक असेल, आणि तीही त्याला 'अहो'च म्हणायची. बोल्ट आवळला की पुन्हा एकदा, झाकण लावलं की उघडून पुन्हा एकदा, शटर ओढून घराच्या वळणापर्यंत पोचला की माघारी येऊन कुलूप पुन्हा एकदा. ड्रायव्हर मंडळी टपलेलीच असायची. "मिस्त्री, गिळलेला घासही पुन्हा बघता का हो?" पण चेष्टा करणारे हेच लोक गाडी बिघडली की दुसरीकडे फिरकायचे नाहीत. भित्र्याच्या हातची गाडी रस्त्यात दगा देत नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

आणि तो भित्रा होताच, त्यात लपवायचं काय? लहानपणी धाकटी बहीण पाण्याच्या टाकीत धडाधड उड्या मारायची आणि हा थोरला भाऊ काठावर तिच्या चपला सांभाळत बसायचा. तीस वर्षं ट्रक दुरुस्त केले पठ्ठ्याने, पण स्वतः दुरुस्त केलेल्या एकाही ट्रकमध्ये बसून घाट उतरला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्या पाठी तर ब्रह्मराक्षसाचं अख्खं बिऱ्हाड होतं. तरी ही भीती त्याच्या अंगवळणी पडली होती, तिच्या जिवावर त्याचं घर चालत होतं.

गेल्या सहा महिन्यांपासून मात्र एक नवीनच भीती मागे लागली होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. एका ट्रकच्या चाकाचे नट आवळायला तो वाकला, तर ड्रायव्हर म्हणाला, "अहो मिस्त्री, हे तिसऱ्यांदा!" तो हसला. पण आधीच्या दोन्ही वेळा त्याला आठवतच नव्हत्या. आपण पुन्हा बघतोय की पहिल्यांदाच, हेच जर कळेनासं झालं, तर आपल्याकडे उरलं काय? त्याच्या वडिलांनी म्हातारपणी स्वतःच्याच दारात उभं राहून विचारलं होतं, "हे घर कुणाचं?" तो प्रश्न त्याला अलीकडे वरचेवर ऐकू यायचा.

अशातच बहिणीच्या नवऱ्याचा ट्रक आला. जुनाट गाडी. इंजिनाचं हेड म्हणजे वरचं झाकण, त्याच्याखालचं पातळ गॅस्केट जळलेलं, तेलात पाणी उतरून त्याचा चहा झालेला. तसला ट्रक बनायचा बंद होऊन जमाना लोटला होता. मेव्हणा दोन महिने भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवत हिंडला, तेव्हा कुठे पिवळ्या पडलेल्या पाकिटात एक गॅस्केट सापडलं. एकच. आणि गॅस्केटचा स्वभाव असा, की वर हेड ठेवून आवळलं की ते चेपतं, आणि एकदा चेपलं की संपलं. पुन्हा हेड उचललंत तर ते फेकून द्यायचं. म्हणजे या कामात 'पुन्हा एकदा' नव्हतंच. मिस्त्रीला सकाळपासून त्याचंच दडपण आलं होतं.

मेव्हणा हाताखाली पाने देत होता आणि बहीण उलट्या डब्यावर बसून तोंडाचा पट्टा चालवत होती. क्लीनर काम सोडून गेल्यापासून तीच नवऱ्याबरोबर केबिनमध्ये बसून फेऱ्या करायची. दुसऱ्या दिवशी फरशा भरून घाटापलीकडे जायचं होतं.

मिस्त्री हेडखालच्या ब्लॉकचा माथा पत्र्याच्या पट्टीने खरवडत होता. कचरा आत जाऊ नये म्हणून सहा सिलिंडरांत मोठी फडकी कोंबली होती. शिवाय कडेला एक बारकं भोक असतं, करंगळीही जात नाही त्यात. त्या वाटेने तेल वर हेडमध्ये चढतं आणि झडपा उघडण्यासाठी वर नाचणाऱ्या रॉकरना पोचतं. त्यात त्याने चिंधीचा एवढासा बोळा दडपला होता. खरवडून झालं, पुसून झालं, त्याने गॅस्केट ठेवलं.

"दादा, आतलं सगळं काढलंस ना रे?" बहिणीने विचारलं.

एरवी त्याने पुन्हा वाकून पाहिलं असतं. पण बहिणीच्या गप्पांनी तो त्या दिवशी जरा खुलला होता. "मग! आम्ही काय बोळ्याने दूध पितो होय?" तो म्हणाला. दोघंही खदखदून हसली. साखळीला टांगलेलं हेड खाली उतरलं, त्याने आणि मेव्हण्याने मिळून ते सरळ बसवलं. मग बोल्ट, मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत. शेवटच्या फेरीचा शेवटचा बोल्ट, पुरेसं आवळल्याची खूण म्हणून पाना 'कट्' वाजला, आणि त्याचं त्यालाच स्वतःचं वाक्य ऐकू आलं. बोळ्याने.

बोळा!

सहा फडकी काढल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. तो बारका बोळा? हात आठवेना, बोटं आठवेनात, काहीच आठवेना. तो धावत कचऱ्याच्या डब्याकडे गेला. डबा रिकामा.

"मी झाडून टाकलं सगळं," बहीण अभिमानाने म्हणाली. "गाडी आली होती ना कचऱ्याची. म्हटलं, तेवढीच दादाला मदत."

सांगावं तर हेड उचलावं लागणार, गॅस्केट फुकट जाणार, आणि ट्रक भंगारात. बहिणीच्या घरची चूल त्या ट्रकवर पेटत होती. न सांगावं तर घाटात वर तेल पोचणार नाही, इंजिन जाम होईल, आणि त्या गाडीचे ब्रेक चालतात ते इंजिनाने भरलेल्या हवेवर. उतारावर, मागे दहा टन फरशा, केबिनमध्ये बहीण. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा मेव्हण्याच्या डोळ्यांकडे न बघताच तो म्हणाला, "पाहुणे, मी एक बोळा काढला की नाही, मला आठवत नाही."

मेव्हण्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण गडी व्यवहारी. "चालू करून बघू. तेल वर आलं तर बोळा नाही. बरोबर?"

रॉकरवरचं टॅपेट कव्हर न लावताच त्यांनी इंजिन चालू केलं. तिघंही त्यावर वाकून उभी राहिली. रॉकर कोरडेच खटखटत होते. बराच वेळ गेला, बहीण ओठ चावत होती. मग पहिल्या रॉकरवर एक थेंब चमकला, मग दुसऱ्यावर, आणि बघता बघता सगळे माखले.

"झालं!" मेव्हणा ओरडला. "जीव काढलात दादा तुम्ही!"

मिस्त्री हसला नाही. त्याने रॉकरना तेल देणारी नळी सोडून फुंकून पाहिली. साफ. पण तिच्याखालचं भोक हेड उचलल्याशिवाय दिसत नाही. "चिंधीच ती," तो म्हणाला. "तिच्यातून तेल झिरपतंसुद्धा."

"म्हणजे तुमच्या भीतीपायी मी गॅस्केट फाडू? तेल डोळ्यांनी बघून?"

बहीणही नवऱ्याकडेच बघत होती. मिस्त्रीने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि म्हणाला, "मग मी येतो बरोबर."

बहीण अवाक झाली. "तू? घाटात?"

सकाळी तो दोघांच्या मध्ये बसला, पायाशी पान्यांची पेटी. प्रत्येक आवाज त्याला वेगळा वाटे. चढावर त्याने दोनदा गाडी थांबवायला लावली, दोनदा कव्हर उघडलं, दोनदा तेल होतं. घाटमाथ्यावर, रस्ता खाली वळतो तिथे, तो पुन्हा म्हणाला, "थांबवा."

"दादा, आता बास हं!" मेव्हणा वैतागला. "पुढे उतार आहे, उशीर होतोय."

"पाया पडतो तुमच्या. थांबवा."

कव्हर निघालं. आतून जळका वास आला. शेवटचे दोन रॉकर कोरडे ठणठणीत, चटका बसेल इतके तापलेले, आणि बाकीच्यांवरही जेमतेम ओल होती. मिस्त्रीने नळी सोडली. तिच्या वळणात तारेचा आकडा घातला, ओढला. काळा, गाळाने टम्म फुगलेला चिंधीचा बोळा बाहेर आला. काल तो खाली होता आणि तेल झिरपू देत होता. या चढावर तेलाच्या दाबाने तो वर सरकला आणि अडकून बसला.

मेव्हणा मटकन दगडावर बसला. खालचा रस्ता वळणं घेत घेत दरीत उतरत होता, तिकडे एकदा बघून त्याने मान फिरवली. "दादा," तो म्हणाला. मग उठून त्याने मिस्त्रीचे दोन्ही तेलकट हात घट्ट धरले.

मिस्त्रीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपण भित्रे आहोत हे किती बरं आहे. बहिणीने आता मस्करी करावी, 'काय रे भित्र्या' म्हणावं, अशी त्याला इच्छा झाली. म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं.

ती बोळ्याकडे बघत होती. तिचा आवाज अगदी हळू होता. "दादा, आणखी काय विसरला असशील रे?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच भीती वाटत होती, आणि ती घाटाची नव्हे, त्याची वाटत होती. 'काही नाही गं, वेडी कुठली' हे त्याच्या ओठांवर आलंही. पण बहिणीला याच उतारावरून खाली जायचं होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "सहा महिने झाले. आठवत नाही मला. केलेलं काम आठवत नाही. कुणाला बोललो नाही मी."

एक गाडी हॉर्न देत उताराला लागली. मेव्हणा केबिनमध्ये चढला, चावी काढून खाली आला आणि त्याने ती मिस्त्रीच्या हातात ठेवली.

"घाई नाही," तो म्हणाला. "पहिल्या बोल्टापासून सांगा. आठवेपर्यंत थांबू आपण."

मिस्त्रीने चावी मुठीत आवळली. डोळे मिटून तो मोठ्याने सांगायला लागला. मधला बोल्ट, त्याच्या शेजारचा, समोरचा. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीही आठवली. पाण्याच्या पाइपाची क्लिप आवळली, हो, आवळली, दोनदा. मग तो इंजिनाच्या बुडाशी असलेल्या, तेल सोडायच्या नटापाशी आला आणि थांबला. बहीण पुढे वाकून वाट बघत होती.

"नाहीच आठवलं तर?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.