बाकी ठेवलेली माफी

दोन्ही मुठी कासरा धरल्यासारख्या पुढे करायच्या आणि हळूच उघडायच्या. "उंटिणीले सोडा, सर." मी शिकवायचो त्या नागभीडच्या शाळेत शिक्षकांचा प्रत्येक वाद इतिहासाच्या सरांनी असाच मिटवला. सहल कुठे न्यायची, पंख्याखाली कोणी बसायचं, सगळं उंटिणीवर. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याची सवय आधी आठवते, चेहरा मागून.

ती उंटीण मदिनेची. मक्केत राहणं अशक्य झालं तेव्हा पैगंबर खजुराच्या बागांच्या यसरिब गावी आले. आपसांत भांडून थकलेलं गाव. जो तो म्हणे, माझ्याकडे उतरा. पैगंबर म्हणाले, उंटिणीला सोडा, तिला अल्लाचा हुकूम आहे; ती बसेल तिथे मी उतरेन. ती बसली तिथे मशीद उभी राहिली आणि यसरिबचं मदिना झालं.

"हाकललेल्याईले त्या गावानं घरात घेतलं, पोट्टेहो," सर वर्गात सांगत. "सख्ख्या भावासारखं. गाव मोठं होते ते असं."

त्या गावच्या कब्रस्तानात पैगंबरांचे सोबती आहेत. तिथे मरण येणं भाग्याचं मानतात, आणि सरांच्या मनात तेच होतं. निवृत्तीनंतर हजला जायचं ठरलं तेव्हा छातीचं दुखणं जडलेलं होतं. डॉक्टरांचा विषय निघाला की ते मुठी उघडत.

हजला निघणारा माणूस आधी ओळखीच्या सगळ्यांची माफी मागतो, बोलल्याचालल्याची. सर घरोघर फिरू लागले. ते आमच्याकडे यायच्या आदल्या दुपारी त्यांची बायको, आमच्या भाभी, एकट्याच आल्या. उंबऱ्यातच थांबल्या.

"भाऊ, ते माफी मांगाले येतीन. देऊ नका."

मला कळेना.

"तिथी गेल्यावर ते मौतच मांगतीन. पण माणसाले दुखवलं तं अल्ला बी माफ करत नाई, त्या माणसानंच कराव लागते, असं तेच सांगतेत. एक माफी बाकी राह्यली तं त्याईची हिंमत नाई होणार. तुमचं ते मनाले लावून घेतेत." मग खाली बघत म्हणाल्या, "मले ते परत पायजेत."

सर आले. नवा पांढरा कुर्ता, अत्तराचा वास. हात जोडून त्यांनी माफी मागितली. मी रात्रभर तक्रार शोधली होती. एकच सापडली होती.

"माझ्या पुस्तकांची पानं दुमडता तुम्ही," मी म्हणालो. "ते मी माफ करणार नाही."

ते हसले. मी हसलो नाही. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"एवढ्यासाठी, सर?"

"परत आल्यावर बघू."

चहा तसाच ठेवून ते उठले. चप्पल घालताना त्यांचा हात भिंत शोधत होता.

पुढे निरोप आला की मदिनेत छातीत दुखून ते दवाखान्यात आहेत. मग काही दिवस काहीच कळलं नाही. मी पुस्तक उघडायचो आणि एखादा दुमडलेला कोपरा दिसला की मिटून टाकायचो. ते तिथे गेले असते, तर त्यांच्याबरोबर माझा नकारही त्या मातीत गेला असता. भाभी रस्त्यात भेटल्या तर आम्ही दोघंही नजर टाळत होतो.

सर परतले, निम्मे होऊन. खजुराची पिशवी पुढे करत म्हणाले, "दुवेले हात उचलले, मांगणारच होतो, तं तुमचे दुमडलेले पानं आठवले. वैताग आला तुमचा."

मी माफीचं बोलू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. "राहू द्या बाकी. तुमच्या भाभीले बरं वाटते." त्यांना सगळं कळलं होतं.

नंतरही ते माझी पुस्तकं नेत राहिले, बिनदिक्कत पानं दुमडत राहिले.

या हिवाळ्यात चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांना नळ्या लावल्या होत्या. बोलणं बंद झालं होतं. श्वास दर वेळी अडून पुन्हा सुरू होई. भाभी बाहेर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, आता देऊन टाका. लय तरास होऊन राह्यला त्याईले."

मी आत गेलो. "पानांचं माफ केलं, सर," म्हणालो.

चादरीवरच्या मुठी हळूच उघडल्या.

उंटीण नागभीडलाच बसली. कब्रस्तानाच्या कुंपणापलीकडे धानाच्या बांध्या आहेत. कापणी झालेली होती, आणि माती द्यायला सगळं गाव आलं होतं.