पाच वाक्यांचा गृहपाठ

दर गुरुवारी संध्याकाळी मी जयपूरच्या दुर्गापुऱ्याला जातो. रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत एका घराच्या तळमजल्यावर काउन्सेलर बाई बसतात. आधी आम्ही तिथे मुलीला घेऊन जायचो. तिचं जाणं केव्हाच थांबलं. माझं मात्र अजून संपलेलं नाही. बायको म्हणते, "पोरगी पास होऊन निघून गेली, तुम्ही अजून त्याच वर्गात." तिच्या बोलण्यात थट्टा असते, पण ती खोटं बोलत नाही.

मी साताऱ्याचा, बायको नागपूरची. कंपनीनं दोन वर्षांसाठी म्हणून जयपूरला पाठवलं, त्याला आता तेरा वर्षं होतील. आलो तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. वैशाली नगरात घर घेतलं, ती इथल्याच शाळेत जाऊ लागली आणि बघता बघता घरात हिंदी शिरली. मी पापा झालो. शेजारच्या मुली, बसवाले भैया, सगळं जग तिच्याशी हिंदीत बोलायचं आणि तीही त्याच्याशी हिंदीत बोलायची. यात तिचं काय चुकलं, हे आज मला सांगता येत नाही. तेव्हा सांगता येत होतं.

माझा राग नाकावर असतो. सोसायटीचा वॉचमन, पाण्याचा टँकरवाला, गॅसवाला, प्रत्येकाशी माझी एकदा तरी खडाजंगी झालेली आहे. मुलगी पहिलीत असताना एकदा मे महिन्याच्या उन्हात शाळेची बस वीस मिनिटं उशिरा आली. मी बससमोर उभा राहून बसवाल्या भैयाला असा फैलावर घेतला की पुढे कितीतरी दिवस तो निघताना मला फोन करायचा. मुलगी खिडकीतून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता. तो चेहरा मला पुढे फार महागात पडला.

ती पाचवीत होती तेव्हा साताऱ्याला एका लग्नात माझ्या आत्यानं तिला काहीतरी विचारलं आणि तिनं हिंदीत उत्तर दिलं. पंगतीत हशा पिकला. "राजस्थानची पाहुणी आली का?" असं कुणीतरी म्हणालं. मीही हसलो, पण मनातून चांगलाच चिडलो होतो. जयपूरला परतल्यावर बॅगा उघडायच्या आधी मी एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवली: 'घरात मराठीच.' नियम सोपा होता. हिंदीत बोललेलं बाबाला ऐकू येत नाही. ती हिंदीत काही सांगायला आली की मी मोबाइलवरून नजर न उचलता म्हणायचो, "मराठीत सांग, मग ऐकतो."

एवढ्यावर माझं भागलं नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या घरांत विचारून मी रविवारचा मराठी वर्ग सुरू केला. आमच्याच हॉलमध्ये सतरंजी टाकून अकरा मुलं बसायची. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी सगळ्यांना येत होती, म्हणून लिहिण्यावर माझा भर असायचा. दर रविवारी गृहपाठ द्यायचा, पुढच्या रविवारी लाल पेनानं तपासायचा. फ्रिजवरचा नियम मी सगळ्या घरांना वाटला. मंडळात माझं कौतुक झालं आणि मी त्या कौतुकावर जाम खूश होतो.

बायकोला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. "घर आहे की शाळा?" ती विचारायची. मी कामावरून आलो की स्वयंपाकघरातून दोघींची हिंदी ऐकू यायची, हसणं ऐकू यायचं. मी चपला काढेपर्यंत ते सगळं बंद पडायचं. माझा दरारा आहे, असं मला वाटायचं.

सातवीत असताना एके दिवशी मुलगी शाळेतून आली. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. ती दप्तर न काढता चपलांच्या कपाटापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "पापा, आज बस में ना..."

"बाबा म्हण. आणि मराठीत सांग."

ती थांबली. "बाबा, आज बसमध्ये..." म्हणून अडली. ओठ हलले, शब्द आला नाही. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून वाट बघत राहिलो. वाट बघणं म्हणजे मदत करणं, असा माझा समज होता. थोड्या वेळानं ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "काही नाही, बाबा," आणि आत गेली. पापाचं बाबा झालं याचा मला आनंद झाला. खरं सांगतो, आनंद झाला.

त्यानंतर महिन्याभरात तिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, बसच्या वेळेला. डॉक्टर झाले, रक्त झालं, सोनोग्राफी झाली, कशात काही निघालं नाही. मी म्हणालो, नाटक आहे. दोनदा मी तिला दंडाला धरून बसपर्यंत नेली. ती रडत नव्हती, नुसती जड झाली होती. ते ओझं माझ्या हाताला अजून आठवतं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, एखाद्या काउन्सेलरला दाखवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात कुणी वेडं नाही, असं त्या भल्या माणसाला सुनावून मी बाहेर पडलो. त्या माझ्या तोऱ्यात तिचे आणखी चार महिने गेले.

वर्गातल्या एका मुलाची आई होती. नवरा सैन्यात, इथल्या छावणीत पोस्टिंग. एका रविवारी मुलं गेल्यावर ती सतरंजी झटकायला थांबली आणि म्हणाली, "तुमची मुलगी दोन महिने वर्गात तोंड उघडत नाहीये. आम्ही दुर्गापुऱ्याला एका बाईंकडे जातो."

"मुलासाठी?"

"आधी मुलासाठी. आता आमच्यासाठी. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलते, तो चिडतो, मग मी त्याच्यावर चिडते. कुणालातरी सांगावं लागतं." तिनं वहीचं पान फाडून पत्ता लिहिला. "फाडायचा असेल तर मी गेल्यावर फाडा."

मी फाडणारच होतो. बायकोनं माझ्या हातातून तो कागद घेतला आणि म्हणाली, "पोरगी तुमच्याशी बोलून नाही राहिली, ते दिसत नाही का तुम्हाला? मी उद्या चालली. यायचं असेल तर या."

मी गेलो. मुलगी आत, आम्ही बाहेर बाकावर. कूलरची घरघर चालू होती, तरी दाराआडून तिचा आवाज येत होता. आधी तुटक, मग सलग. ती हिंदीत बोलत होती, भरभर, मध्ये न थांबता, कुणी नळ सोडून द्यावा तशी. मधूनच हसलीही. माझी मुलगी इतकं भरभर बोलते, हे मला माहीत नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. तिला माहीत होतं.

चौथ्या वेळी बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. मी आधी माझ्या वर्गाचं, नियमाचं सगळं पुराण लावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "और जब उसे मराठी में शब्द नहीं मिलता, तब?"

"तब ढूँढती है."

"और ढूँढने पर भी न मिले तो?"

मला चपलांचं कपाट आठवलं. बाईंनी नुसता पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्या दिवशी घरी आल्यावर मी फ्रिजवरची चिठ्ठी काढली. इतकी वर्षं चिकटलेली, सरळ निघेना. नखानं खरवडून काढावी लागली.

पुढे मुलगी नववीत गेल्यावर, तिला विचारून, बाईंनी आम्हाला सांगितलं. बसमध्ये मोठ्या वर्गातल्या चार-पाच मुली होत्या. कुठल्यातरी क्षुल्लक कारणावरून त्यांनी ठरवलं की हिला बसू द्यायचं नाही. ती आली की रिकाम्या सीटवर दप्तरं ठेवली जायची. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास, माझी मुलगी दांड्याला धरून उभी असायची. सगळी सातवी, आणि आठवीतले जेवढे दिवस ती गेली तेवढे. बाईंनी तिला विचारलं होतं, घरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "पापा को बताना था. पापा गुस्सा करते हैं ना, तो बस वाले भैया सुनते हैं."

तिला माझा रागच हवा होता. अख्ख्या जगावर उधळलेल्या रागातला एक दिवसाचा राग, तिच्यासाठी. आणि मी तो मराठीवर खर्च करत बसलो होतो.

ती आता बसनं जात नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसस्टॉपवर गेलो. काय काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत गेलो होतो. बस आली. भैया नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. आत सगळी लहान मुलं होती. त्या मुली दहावी होऊन शाळा सोडून गेल्या होत्या. नव्या भैयानं अदबीनं विचारलं, "जी, सर?" मी म्हणालो, काही नाही.

घरी आलो तो धुमसतच. मुलगी डायनिंग टेबलाशी दूध पीत बसली होती. बाईंनी बजावलं होतं, तिला जाब विचारू नका. मी विचारला. मला राहवलंच नाही. म्हणालो, "एकदा तरी सांगायचंस ना मला. त्या दिवशी शब्द नाही सापडला, ठीक आहे. पण नंतर?"

"बताया था," ती म्हणाली.

"कधी?"

ती उठली, आत गेली आणि तिची रविवारच्या वर्गाची जुनी वही घेऊन आली. पानं उलटून तिनं एक पान माझ्यापुढे धरलं. सातवीतलं. चपलांच्या कपाटापाशी ती उभी राहिली होती, त्याच आठवड्यातलं. वर शीर्षक होतं, माझी शाळा. त्या रविवारी सगळ्या मुलांना मी पाच वाक्यं लिहायला सांगितली होती. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

माझी शाळा मोठी आहे. मी बसने शाळेत जाते. बसमध्ये मला कोणी बसू देत नाही. मी रोज उभी राहते. बाबा, तुम्ही त्यांना रागवा.

शब्द तिनं शोधले होते. आईला विचारलेही नव्हते, वहीच्या कडेला पेन्सिलीनं खाडाखोड करून एकेक जुळवला होता. प्रत्येक वाक्यापुढे लाल पेनानं बरोबरची खूण होती. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, शाब्बास, एकही चूक नाही. त्याखाली माझी सही.

मी पान पुन्हा वाचलं. अकरा वह्या एका बैठकीत तपासायचो मी, चहा पीत. ही वही हातात घेतल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं.

"मुझे लगा, आपको पता चल गया," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "मैं रोज़ देखती थी, आप बस के पास आओगे." मग तिनं विचारलं, "पढ़ा तो था ना आपने?"

"हो," मी म्हणालो. "वाचलं होतं."