बंद कारखान्याची हजेरी

मुलांनो, माझ्या गॅलरीसमोर एक बिस्किटांचा कारखाना आहे. मालक कर्जात बुडाला आणि कामगारांचा सात महिन्यांचा पगार थकवून त्याने यंत्रं थांबवली. तरी रोज सकाळी आठ वाजता कामगार कुलूपबंद फाटकाशी रांगेत उभे राहतात. आलो नाही तर मालक कोर्टात सांगेल की हे स्वतःच काम सोडून गेले, ही त्यांची भीती. म्हणून मुकादम वहीतली नावं पुकारतात आणि प्रत्येक जण "हजर" म्हणतो. भट्टी कधीच थंड झाली आहे, पण त्या वेळी मला भाजलेल्या पिठाचा वास येतो.

त्यांच्यातल्या दत्तूचं परवा तेरावं झालं. काल मुकादमांनी पुन्हा त्याचं नाव पुकारलं.

"अहो मुकादम, खोडा की आता ते," कोणीतरी पुटपुटलं.

"खांदा दिलाय मी त्याला. मला सांगू नकोस. नाव खोडलं तर त्याचा पगार गेलाच म्हणून समज."

मला वाटलं, माणूस सुटतो, नाव सुटत नाही. कष्टाचे पैसे हातात पडेपर्यंत त्याला कामावर यावंच लागतं.

"दत्तू!"

रांगेच्या मागून त्याची बायको पुढे आली. "हजर."

मुकादमांनी वहीत खूण केली आणि वर न बघताच सवयीने विचारलं, "आज पण उशीर?"

"बस चुकली, मुकादम."

आवाज तिचा होता. उत्तर मात्र रोज दत्तू द्यायचा तेच.