शेवटची जोडी

पोळ्याच्या आधीचा आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. आमच्याकडं पोळा भादव्यातला. सजवलेली बैलं वेशीतून मारुतीपुढं न्यायची, तिथं गावच्या बायकांनी ओवाळून पुरणपोळी भरवायची, ही रीत. त्या वर्षी दलित वस्तीतल्या एकानं बेल्ह्याच्या बाजारातून आपली पहिली बैलजोडी आणली होती. माझाच जुना विद्यार्थी. त्याच्या बापजाद्यांनी आमचीच बैलं धुतली, आमच्याच बैलांची शिंगं रंगवली. आता तो म्हणत होता, "माजी बी वेशीतनंच जाणार."

हक्कच होता त्याचा. पण वरच्या आळीतली पोरं पेटली. "येऊ दे तर खरं, बघतोच!" मी शाळामास्तर, वर तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. आग लागो त्या अध्यक्षपणाला! डोकी फुटली असती, पोलीस केसेस झाल्या असत्या, आणि वस्तीतल्या बायकांना दुसऱ्या दिवशी कुणी खुरपायला बोलावलं नसतं.

तीन बैठका झाल्या. शेवटी तोडगा मीच काढला. त्यानं यावं, पण मानाच्या जोड्या आधी, त्याची सगळ्यांच्या मागं. गाव कुरकुरत हो म्हणालं. तो खाली बघतच म्हणाला,

"शेवटी तर शेवटी, गुरुजी. पण ववाळत्याल ना?"

"अरे, ओवाळतील की! मी आहे ना."

पोळ्याला मी वेशीपाशी, मारुतीसमोर उभा होतो. माझी नजर बैलांवर नव्हतीच, पोरांच्या हातांवर होती. कुणाकडं काठी आहे का? कोण कुणाच्या कानाला लागतंय? आमच्या घरची जोडी तिसऱ्या मानाची. ती कधी गेली, आमच्या हिनं कधी ओवाळलं, मला कळलंही नाही.

सगळ्यांच्या मागून तो आला. शिंगांना बेगड, पाठीवर नवी कोरी झूल. तोवर वाजंत्री जेवायला गेली होती. बायका ताटं घेऊन आपापल्या घरी परतल्या होत्या. पोरंही कंटाळून पांगली होती. मारुतीपुढं बंदोबस्ताचा एक पोलीस आणि मी. त्याची बायको थोडा वेळ इकडंतिकडं बघत राहिली, मग तिनंच निरांजन लावलं आणि आपल्या बैलांना ओवाळलं.

माझा मात्र जीव भांड्यात पडला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "झालं बघ! कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

तो बैलाला पोळी भरवत होता. वर न बघताच म्हणाला, "गुरुजी, तुमची जोडी कितवी व्हती?"

"तिसरी."

"मागं, माज्यासंगं आनली आसती, तर तुमाला कोण नाय म्हनलं आसतं?"

कुणीच नाही. तीन बैठकांत ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.