चष्मा माझ्या हातात

आमच्या नेरूळच्या सोसायटीतली नवी जोडपी महाबळेश्वरला नाहीतर माथेरानला जाऊन यायची. आम्ही फिरलो पेरू देशाच्या किनाऱ्यावर, आणि तेही एका जुनाट फळीच्या नादाने.

हे जहाजावर रेडिओ ऑफिसर. लग्नानंतर महिन्याभरात बोटीवर गेले, आणि माझा संसार झाला तो सासू-सासऱ्यांशी. पुढे यांची बोट न्हावा शेव्याला लागली, तेव्हा कंपनीच्या परवानगीने मीही चढले. नवऱ्याशी खरी ओळख व्हायची होती ती तिथेच.

बोटीवर सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, बायकासुद्धा. एका संध्याकाळी हे म्हणाले, "इथे आई नाही, सोसायटी नाही. आता तरी नावाने हाक मार ना!" मी खूप प्रयत्न केला. नाव ओठांपर्यंत यायचं आणि माघारी फिरायचं. "अहो, जाऊ दे ना," एवढंच निघालं. हे हसले, पण मनात खट्टू झाले. बायको अजून आपल्याला परकं मानते, असं त्यांनी घेतलं. मला फार वाईट वाटलं.

पेरूच्या बंदरात त्यांचा करार संपला. परतीचं विमान यांनी पुढे ढकलून घेतलं आणि एक जुनी, पिवळी पडलेली सर्फिंगची फळी विकत आणली. लाटेवर उभं राहायचं वेड यांना कुठल्याशा बंदरात लागलं होतं. मग आम्ही स्वस्तातल्या बसने किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघालो. फळी टपावर, मी खिडकीशी, आणि मांडीवर सासूबाईंनी दिलेला मेतकुटाचा डबा. राहायचं कोळ्यांच्या घरातल्या एखाद्या खोलीत, जेवायचं भात आणि तळलेला मासा. मी कोकणातली, माझं काही अडलं नाही. फक्त समुद्र असा बर्फासारखा गार का, हे मला कळेना.

यांच्या चष्म्याचा नंबर जबर. पाण्यात उतरताना चष्मा माझ्या हातात द्यायचे आणि निघायचे. पंजाबी ड्रेसवर स्वेटर चढवून मी वाळूत बसायची. हे लाटेवर जेवढा वेळ उभे असत, त्याच्या कितीतरी पट पाण्याखाली असत. बाहेर आले की डोळे बारीक करून मला शोधायचे. एका गावात तर वाळूत सुकायला उभ्या केलेल्या लव्हाळ्याच्या होडीलाच मी समजून "चल, भूक लागली" म्हणाले! मी पोट धरून हसले.

त्याच गावात एका सकाळी धुकं होतं. हे फळीवर पालथे पडून लाटेची वाट बघत होते, तोंड समुद्राकडे. प्रवाह त्यांना हळूहळू बाजूला नेत होता, गावच्या धक्क्याकडे. धक्क्याच्या खांबांवर लाटा फुटत होत्या. मला ते दिसत होतं, त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

मी धावत पाण्यात शिरले आणि ओरडले. नावाने! आयुष्यात पहिल्यांदा. पुन्हा ओरडले, पुन्हा. हे ढिम्म. खांब जवळ येत होते. मग नकळत, जिवाच्या आकांताने तोंडातून निघालं, "अहोऽऽ!"

यांनी झटकन मान वळवली.

मी दोन्ही हात उंच करून दाखवत होते. हात त्यांना दिसले नसतील, पण आवाज धरून ते माझ्या दिशेने हात मारत आले. गुडघाभर पाण्यात मी चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. त्यांनी मागे वळून ते खांब पाहिले आणि फळी ओढत बाहेर येऊन वाळूत बसले. मी रडत होते आणि रागावतही होते.

"नावाने हाका मारल्या मी! ऐकू नाही आल्या?"

"आल्या की," हे म्हणाले. "वाटलं, कुणीतरी हाक मारतंय. नावाने काय, अख्खी बोट हाक मारते."

फळी आम्ही तिथल्याच एका पोराला देऊन टाकली. नेरूळला परतल्यावर एकदा भाजीबाजारात मी "अहो" म्हटलं, तर चार नवरे वळले. हे मात्र वळले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून खिशात घातला आणि मगच माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून, मला शोधू लागले.