राजेश्वरीनं शोधलेला खटला

धाराशिवच्या एका विधी महाविद्यालयात शिवरंजनी मॅडम तासिका तत्त्वावर शिकवायच्या. निकालाचा नुसता सारांश वाचलेला त्यांना चालायचा नाही. "आधी बघा, कोर्टात कोण आलं, कुणाविरुद्ध आलं आणि त्याला काय नाकारलं होतं," असं म्हणायच्या. महाडच्या तळ्याचा निकाल शिकवून झाला, तेव्हा त्यांनी काम दिलं : असाच एखादा खटला आपापल्या तालुक्यातला शोधायचा.

वाशी तालुक्यातल्या राजेश्वरीनं कोर्टाच्या जुन्या दप्तरातून साठ वर्षांपूर्वीच्या निकालाची नक्कल काढली. दलित वस्तीचा स्मशानाचा रस्ता अडवला म्हणून कोर्टानं एका जमीनदाराला तो मोकळा करायला बजावलं होतं. जमीनदार म्हणजे तिचे सख्खे आजोबा.

"नाव झाकायचं का?" मॅडमनी विचारलं.

"नको, मॅडम. काटेरी तार आजबी हाय तिथं."

मॅडमनी वर्गात वाचनाचा दिवस ठरवला.

त्या दिवशी राजेश्वरी आलीच नाही. फोन बंद. तिची नक्कल मैत्रिणीनं, निकितानं वाचली, नावागावासकट. मध्येच तिनं दाराकडे पाहिलं. दारात राजेश्वरीचे चुलते अमरसिंह उभे होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं वाचून? छान शिकवता, मॅडम. आता आमच्या पोरीचा दाखला द्या."

"तिचा अर्ज लागतो. तिची सही."

"सहीच ना? आणू की." ते हसले. "तुम्ही भाड्यानं राहता न्हवं? एकट्याच?"

तिसऱ्या दिवशी अर्ज आला. वर्षभर राजेश्वरीच्या वह्या तपासलेल्या मॅडमना ते अक्षर तिचं नाही, हे तिथल्या तिथं कळलं. प्राचार्य म्हणाले, "देऊन टाका. घरचा मामला आहे." मॅडमनी अर्ज पर्समध्ये घातला आणि निकिताला घेऊन थेट पोलीस ठाणं गाठलं. दिवसभर त्या तिथल्या बाकावरून हलल्या नाहीत.

शेवटी जीप निघाली. राजेश्वरी वाड्यामागच्या खोलीत सापडली. दाराला बाहेरून कडी होती. ठाण्यात ती एवढंच म्हणाली, "मला शिकायचंय. मी घरी जाणार न्हाय."

आता ती वसतिगृहात राहते. जूनमध्ये मॅडमना तास मिळाले नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही. दर रविवारी त्या घरीच राजेश्वरीसह चार-पाच जणांना निकाल शोधायला शिकवतात. त्याच दिवशी अमरसिंह समोरच्या टपरीवर येऊन बसतात. चहा घेतात, कुणाशी बोलत नाहीत आणि शिकवणी सुटेपर्यंत उठत नाहीत. मॅडम राजेश्वरीला वसतिगृहापर्यंत सोडायला स्वतः जातात. वाटेत दोघी मागं वळून बघत नाहीत.